बर्फात वाट राखणारी संस्था

२१ जानेवारी १८६८ रोजी ख्रिस्तियानिया शहरात, म्हणजे आजच्या ओस्लोत, थॉमस हेफ्ट्ये या पेढीवाल्याच्या पुढाकाराने काही मंडळी जमली आणि ‘डेन नॉर्स्के तुरिस्टफोरेनिंग’ ही संस्था स्थापन झाली. पुढे तिचं डीएनटी हे आद्याक्षरी नावच रूढ झालं. नॉर्वे तेव्हा पूर्ण स्वतंत्र नव्हता. त्याचा आणि स्वीडनचा राजा एकच होता. डोंगर अफाट, पण तिथे जायचं कोणी? गुराखी, शिकारी आणि साल्मन मासे किंवा रेनडिअर यांच्या मागावर आलेले इंग्लिश उमराव. शहरातल्या बहुतेक नॉर्वेजियन माणसांनी आपला मुलूख पाहिलेलाच नसे. हेफ्ट्ये यांचं म्हणणं सरळ होतं: देशात जे भव्य आणि सुंदर आहे, ते पुष्कळ लोकांना पाहता यावं आणि त्यासाठी तिथवर जाणं सोपं आणि स्वस्त व्हावं. १८८६ साली मृत्यू येईपर्यंत ते संस्थेचे अध्यक्ष होते.

डोंगरात तरुण मुलामुलींना घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत या परदेशी संस्थेचा इतिहास यावा, असा आग्रह मीच संपादकांकडे धरला. आपल्या मोसमात धो धो पाऊस आणि धुकं, त्यांच्या मोसमात हिमवादळ. पण बेभरवशाच्या हवेत, अनुभव नसलेल्या मुलांना डोंगरावर कसं न्यावं आणि सुखरूप परत कसं आणावं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. या प्रश्नावर त्यांनी दीडशे वर्षं काम केलं आहे. त्या कामात पराक्रमाच्या गोष्टी आहेतच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांनी उभं केलेलं निगुतीचं, सामायिक आणि निनावी कष्टाचं जाळं.

पहिल्याच वर्षी संस्थेने टेलेमार्क प्रांतात रिउकान धबधब्याजवळ क्रोकान इथे एक झोपडी घेतली. झोपडी म्हणायचं ते आकारावरून. चार भिंती, छप्पर, शेगडी आणि निजायला जागा. १८७१ साली योटुनहाइमेन पर्वतात येन्दे तलावाच्या टोकाला येन्देबू उभी राहिली. ती आजही चालू आहे. १८७८ साली हार्डांगरविद्दा या विस्तीर्ण पठारावर क्रेक्या ही संस्थेची तिथली पहिली झोपडी बांधली गेली. दगडांच्या राशी रचून त्यांवर लाल रंगात ‘टी’ हे रोमन अक्षर काढायची पद्धत पुढे रुळली आणि आज अशा उन्हाळी पायवाटांची लांबी सुमारे २२,००० किलोमीटर भरते. स्थापनेच्या वर्षापासून संस्था वार्षिक ग्रंथही काढत आली आहे.

हे सगळं उन्हाळ्याचं काम होतं. हिवाळ्यात डोंगर बंद, अशीच सुरुवातीची समजूत होती. स्कीची परंपरा वेगळ्या वाटेने आली, खेड्यांतून. योगायोग असा की संस्था स्थापन झाली त्याच १८६८ साली मोर्गेदाल गावचा सोंद्रे नोरहाइम नावाचा गरीब कुळवाडी ख्रिस्तियानियात स्पर्धेला आला. वय ४२. टाचेभोवती डहाळ्यांचा पीळ घालून केलेल्या बांधणीमुळे त्याची पावलं स्कीवर घट्ट राहत आणि तरी वळायला मोकळी असत. त्याने शहरातल्या तरुणांना मागे टाकलं. शहराला स्की नवी नव्हती, पण स्कीवर इतकं काही करता येतं हे नवं होतं.

डोंगर ओलांडण्यासाठी स्कीचा उपयोग किती आहे हे फ्रिड्ट्यॉफ नान्सेन यांनी दाखवलं. १८८४ साली ते पश्चिम किनाऱ्यावरच्या बेर्गेनहून स्कीवर डोंगर ओलांडून स्पर्धेसाठी ख्रिस्तियानियाला गेले. चारच वर्षांनी, १८८८ साली, पाच सोबत्यांसह त्यांनी ग्रीनलंडचा बर्फाचा पठारी प्रदेश स्कीवरून आडवा पार केला. त्या मोहिमेने नॉर्वेतल्या तरुण पिढीला वेड लावलं. पण त्याच पिढीतला एक तेवीस वर्षांचा तरुण, रोआल्ड आमुंडसेन, १८९६ च्या जानेवारीत आपला भाऊ लेओन याच्यासोबत हार्डांगरविद्दा ओलांडायला निघाला आणि मरता मरता वाचला. वादळ आलं, वाट हरवली, अन्न संपलं. रात्री बर्फात खड्डा करून झोपलेला रोआल्ड सकाळी त्यातच गोठून अडकला होता. भावाने त्याला खणून बाहेर काढलं. दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या माणसाची स्वतःच्याच देशातल्या पठारावर ही गत झाली होती. हिवाळ्यातल्या हार्डांगरविद्दाबद्दल याहून जास्त काही सांगायची गरज नाही.

१९०९ साली हार्डांगरविद्दाच्या उत्तर कडेने जाणारी बेर्गेन रेल्वे पूर्ण झाली आणि चित्र पालटलं. समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटरवरचं फिन्से हे तिचं सर्वांत उंच स्थानक. तिथे आजही मोटाररस्ता जात नाही. गाडीतून उतरायचं ते थेट बर्फात. ईस्टरच्या सुट्टीत दिवस मोठा झालेला असतो, ऊन असतं आणि पठारावर बर्फ अजून भरपूर असतं. त्यामुळे ईस्टर म्हणजे डोंगर हे समीकरण नॉर्वेत जे बसलं ते आजतागायत टिकून आहे. सॅकमध्ये संत्री आणि १९३७ साली बाजारात आलेलं ‘क्विक लुन्श’ चॉकलेट, वाऱ्याच्या आडोशाला बर्फात खणलेली बैठक, उन्हाकडे केलेले चेहरे.

संस्थेने तरुणांकडे मुद्दाम लक्ष वळवलं ते पहिल्या महायुद्धानंतर. १९२१ साली तिने तरुणांसाठी भरवलेल्या मेळाव्यात नान्सेन बोलले. साठीला आलेले, युद्धानंतरच्या मदतकार्यात आकंठ बुडालेले नान्सेन तेव्हा ध्रुवाच्या कथा सांगत बसले नाहीत. शहरी गजबज, घाई आणि गर्दी यांतून बाहेर पडून निसर्गात साधेपणाने राहणं तरुणांसाठी किती गरजेचं आहे, हा त्यांचा विषय होता. निव्वळ सहल आणि असं राहणं यांत त्यांनी भेद केला. डोंगरात जाणं हा शिक्षणाचा भाग आहे, ही डीएनटीची धारणा त्या भाषणाने घट्ट केली असं मला वाटतं.

मग युद्ध आलं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला. क्रोकानच्या ज्या धबधब्यापाशी संस्थेची पहिली झोपडी होती, त्याचं पाणी तोवर विजेसाठी वळवलेलं होतं आणि जवळच्या वेमोर्क केंद्रात जड पाणी तयार होत होतं. जर्मन अणुसंशोधनाला ते हवं होतं. ऑक्टोबर १९४२ मध्ये ब्रिटनहून विमानाने आलेले चार नॉर्वेजियन तरुण हवाई छत्रीने डोंगरात उतरले. त्यांचा म्होरक्या येन्स-आंतोन पाउल्सन आणि क्लाउस हेल्बर्ग हे दोघे रिउकानचेच, एका वर्गातले. नोव्हेंबरात केंद्र उडवायला येणारी ब्रिटिश ग्लायडर तुकडी अपघातात नष्ट झाली. या चौघांनी हार्डांगरविद्दावर सबंध हिवाळा काढला, एका टप्प्यावर खडकावरचं शेवाळ उकळून खाल्लं. नाताळच्या तोंडावर रेनडिअर मिळाला म्हणून ते तगले. फेब्रुवारीत तेवीस वर्षांच्या योआखिम रोनेबर्गच्या नेतृत्वाखाली आणखी सहा जण उतरले. २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री हेल्बर्गने शोधून ठेवलेल्या वाटेने घळ उतरून, पलीकडचा कडा चढून त्यांनी जड पाण्याची यंत्रणा उडवली. एकही गोळी झाडावी लागली नाही. रोनेबर्गसह पाच जण स्कीवरून सुमारे ४०० किलोमीटर कापून स्वीडनला पोहोचले.

हेल्बर्ग मागे राहिला. काही आठवड्यांनी एका जर्मन सैनिकाने त्याचा स्कीवरून तासन् तास पाठलाग केला. शेवटी दोघे समोरासमोर आले. जर्मनाने गोळ्या संपवल्या. हेल्बर्गने आपल्या राखून ठेवल्या होत्या. त्याच रात्री अंधारात कड्यावरून पडून त्याचा हात मोडला. तशा अवस्थेत जर्मनांनाच थापा मारून त्याने औषधोपचार मिळवले आणि पुढे कैद्यांच्या गाडीतून उडी टाकून निसटला. हे सगळं इथे लिहिण्याचं कारण असं की युद्ध संपल्यावर क्लाउस हेल्बर्ग डीएनटीत कामाला लागले आणि दीर्घकाळ तिथेच राहिले. वाटा आखणं, सहलींचं नेतृत्व करणं आणि डोंगरात कुठून कसं जावं हे विचारायला येणाऱ्याला शांतपणे समजावणं, हे त्यांचं काम. नॉर्वेची राणी सोन्या आणि डेन्मार्कची राणी मार्ग्रेथे यांनाही त्यांनी डोंगरात नेलं. शौर्यपदकं मिळवलेला माणूस नवख्यांच्या रांगेपुढे त्यांच्या वेगाने चालतो आहे, हे मला संस्थेच्या इतिहासातलं सर्वांत सुंदर पर्व वाटतं.

१९५७ साली नॉर्वेच्या संसदेने मोकळ्या निसर्गात फिरण्याच्या हक्काचा कायदा केला. हक्क जुनाच होता, रिवाजाने चालत आलेला. कायद्याने तो पक्का झाला. पडीक आणि डोंगराळ जमिनीवर कोणीही पायी किंवा स्कीवर जाऊ शकतो, जमीन कोणाच्याही मालकीची असो. लागवडीच्या शेतातूनही जमीन गोठलेली वा बर्फाखाली असताना जाता येतं. ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर हा काळ मात्र वर्ज्य. शेतकऱ्याच्या पिकाची आणि फिरणाऱ्याच्या पायांची अशी दोघांचीही काळजी घेणारा कायदा करायला बरीच समजूत लागते.

लोक वाढले तसे अपघातही वाढले. १९६७ च्या ईस्टरमध्ये नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसं मेली. देश हादरला. डीएनटी आणि रेड क्रॉस यांनी डोंगरात कसं वागावं याचे नियम घरोघरी पोहोचवण्याची मोठी मोहीम काढली. नियम मोजके आणि साध्या भाषेतले. तयारीशिवाय लांबचा पल्ला गाठू नकोस. कुठे जातोस ते सांगून जा. हवामानाचा अंदाज मान. नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेव. एकट्याने जाऊ नकोस. अंगातली ताकद संपण्याआधी बर्फात खणून आडोसा कर. आणि वेळेत मागे फिर, त्यात लाज नाही. हा मागे फिरण्याचा नियम नॉर्वेतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतो. ‘क्विक लुन्श’च्या वेष्टणाच्या आतल्या बाजूलाही ते नियम छापले गेले. २०१६ साली त्यांची भाषा नव्याने घडवली, हिमकड्यांच्या धोक्याला जास्त जागा दिली, पण मागे फिरण्यात लाज नाही हे तसंच ठेवलं. आपल्याकडे माथा गाठल्याशिवाय परतणाऱ्याला टोमणे बसतात. त्यांच्याकडे परतीचा निर्णय घेणाऱ्या म्होरक्याचा आदर करायला मुलांना लहानपणीच शिकवतात. एखाद्या संस्थेला समाजाची ही सवय बदलता येते, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता तरुणांची तुकडी प्रत्यक्षात कशी जाते, ते जरा सविस्तर सांगतो. संस्थेची १३ ते २६ वर्षांच्या मुलामुलींसाठी वेगळी शाखा आहे. ईस्टरला फिन्सेहून निघून दक्षिणेला हाउकेलीसेतरपर्यंत हार्डांगरविद्दा उभा पार करणं हा जुना, मानाचा मार्ग. पालखीसारखे मुक्काम ठरलेले असतात: क्रेक्या, मग पठारावरून जाणारा महामार्ग ओलांडून सांदहाउग, होर्टाइगेनच्या सुळक्याजवळचं लित्लोस, हेल्लेवास्बू आणि शेवटी हाउकेलीसेतर. बहुतेक टप्पे साधारण वीस-पंचवीस किलोमीटरचे. सपाटीवरच्या आखलेल्या ट्रॅकवर हे अंतर काहीच नाही. पाठीवर बोजा, समोरून वारा आणि वाटेत चढउतार असले की अख्खा दिवस लागतो.

या डोंगरी स्की लांब आणि अरुंद असतात, कडेला पोलादी पट्टी असते. बूट पुढच्या टोकाला अडकतो, टाच मोकळी राहते; तीच चालण्याची किल्ली. स्कीच्या मधल्या भागाला मेण लावतात. कोरड्या, कडक थंडीत हिरवं, त्याहून सौम्य थंडीत निळं, शून्याच्या आसपास जांभळं किंवा लाल, आणि बर्फ ओलं झालं की ट्यूबमधलं चिकट मेण. मेण चुकलं तर एक तर पाय मागे घसरतो किंवा तळाला बर्फाचे गोळे चिकटतात. सकाळी झोपडीच्या पायरीवर तापमान बघून कोणतं मेण लावायचं यावर जी चर्चा रंगते, ती ऐकून नवी मुलं बरंच शिकतात. अंगाला लोकर, सुती कपडा घामाने भिजून गारठवतो म्हणून तो घ्यायचाच नाही. सॅकमध्ये फावडं, दोघातिघांना आत बसता येईल अशी वाऱ्यापासून राखणारी पिशवी, नकाशा, होकायंत्र, थर्मास आणि न्याहारीच्या टेबलावर स्वतः बांधून घेतलेला पावाचा डबा.

रांगेत म्होरक्या पुढे आणि दुसरा जाणता माणूस अगदी शेवटी. वेग सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा. ठरावीक वेळाने थांबायचं, घोटभर गरम प्यायचं आणि एकमेकांचे चेहरे पाहायचे. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका दिसला तर तो हिमदंशाची सुरुवात असतो. ज्याला होतो त्याला तो कळत नाही, कारण तिथली संवेदनाच गेलेली असते. दुसऱ्याने पाहूनच तो कळतो. लगेच उबदार तळहात ठेवून ती जागा गरम करायची, चोळायची नाही. दुसऱ्याचा चेहरा पाहणं ही तिथली शिस्त आहे. मुलं पहिल्याच दिवशी बर्फात खणून आडोसा करायलाही शिकतात, झोपडी डोळ्यांसमोर असताना आणि हवा चांगली असताना.

पठारावर सगळ्यांत कठीण असतं ते पांढरं धुकं. जमीन आणि आकाश एक होतात, चढ आहे की उतार ते समजत नाही, स्थिर उभ्या माणसालाही आपण सरकतो आहोत असं वाटतं. अशा वेळी उपयोगी पडतात त्या काठ्या. हिवाळी वाटेवर बर्चच्या डहाळ्या किंवा बांबूच्या काठ्या बर्फात रोवलेल्या असतात. ईस्टरच्या आधी स्वयंसेवक आणि झोपड्यांचे रखवालदार हे काम करतात, अशा हजारो किलोमीटर वाटांवर, दर वर्षी नव्याने. हिवाळी वाट उन्हाळी पायवाटेवरून जातेच असं नाही. हिमकडा कोसळू शकेल असे तीव्र उतार ती टाळते आणि गोठलेल्या तलावांवरून सरळ जाते. पण जिथे तलावाचं पाणी विजेसाठी सोडलं जातं तिथे पातळी खाली गेल्याने काठाचं बर्फ पोकळ होऊन तडकतं, म्हणून तिथे वाट वळवावी लागते. प्रत्येक काठीमागे कोणीतरी केलेला असा विचार असतो.

झोपड्यांचं जाळंही याच विचारावर चालतं. आज डीएनटी आणि तिच्या पन्नासहून अधिक स्थानिक शाखांच्या मिळून साडेपाचशेहून अधिक झोपड्या आहेत. सदस्य तीन लाखांवर, तेही जेमतेम पंचावन्न-छप्पन्न लाख वस्तीच्या देशात. मोठ्या झोपड्यांत माणसं असतात, रात्री ताटात गरम जेवण मिळतं. बाकीच्या ठिकाणी कोणी नसतं. सदस्याकडे असलेल्या एकाच किल्लीने त्यातल्या बहुतेकांची दारं उघडतात. काही ठिकाणी आत कोठार असतं: डबाबंद अन्न, वाटाण्याचं सूप, कुरकुरीत पाव. जे घेतलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे. पूर्वी त्यासाठी फॉर्म भरून पेटीत टाकत, आता बहुतेक जण मोबाइलवर भरतात. तपासायला कोणी नसतं. निघताना फरशी पुसायची, राख काढायची, पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची. आणि नोंदवहीत नाव लिहून पुढचा मुक्काम नोंदवायचा, म्हणजे कोणी पोहोचलं नाही तर शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. जागा भरली म्हणून कोणालाही परत पाठवत नाहीत. खाटा संपल्या की जमिनीवर गाद्या पडतात.

सोळा वर्षांची मुलगी अशा रिकाम्या, थंडगार झोपडीत शिरते, शेगडी पेटवते, भांड्यात बर्फ वितळत ठेवते आणि तिच्या लक्षात येतं की हे लाकूड आधीच्या कोणी अनोळखी माणसाने फोडलेलं आहे. आपल्याकडे किल्ल्यांवर संवर्धनाचं काम करणाऱ्या मंडळांना ही भावना ओळखीची आहे. फरक इतकाच की तिथे तिची व्यवस्था झाली आहे. ती कोणा एकाच्या उत्साहावर टांगलेली नाही. आपण शिकावं असं मला तिथे जे दिसतं ते हे. उंची आणि विक्रम यांचा नाद सोडून वाट, किल्ली, कोठार आणि नोंदवही यांची निगा राखणारी माणसं वर्षामागून वर्षं तयार करत राहणं.

या यशाचा भार आता पठारावरच पडतो आहे. हार्डांगरविद्दा १९८१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि युरोपातल्या रानटी रेनडिअरच्या सर्वांत मोठ्या कळपांपैकी एक तिथे राहतो. माणसांच्या वाटांमुळे, झोपड्यांमुळे, रस्ते आणि धरणांमुळे त्यांच्या फिरण्याचे मार्ग तुटले. २०२० साली या पठारावरच्या रेनडिअरमध्ये मेंदूचा एक प्राणघातक संसर्गजन्य रोग आढळला आणि २०२१ च्या राष्ट्रीय यादीत रानटी रेनडिअरची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरची प्रजाती म्हणून झाली. म्हणून संस्था स्वतःच्याच वाटांकडे नव्याने पाहते आहे. काही वाटा हलवल्या, काही बंद केल्या. पाडसं जन्मतात त्या मे महिन्यात अनेक झोपड्यांची दारं बंद राहतात आणि त्याआधी ईस्टर संपला की काठ्या काढायला सुरुवात होते. दीडशे वर्षं लोकांना डोंगरात बोलावणाऱ्या संस्थेला आता कुठे जाऊ नये हेही सांगावं लागतं आहे. किती वाटा बंद कराव्यात यावर गावकरी, शिकारी, शास्त्रज्ञ आणि गिर्यारोहक यांच्यात मतभेद आहेत, आणि पठारावरच्या बऱ्याच वाटांचा निर्णय अजून व्हायचा आहे.